सिंगल कोरवर लिंक बंद पण लाईट चालू, केबल नेमकी कुठं तुटली ते कसं शोधायचं?

भाऊ, मी लातूरकडं फायबर जोडायचंच काम करतो. एकाच कोरवर, म्हणजे केबलमधल्या काचेच्या एकाच तंतूवर, सिग्नलचं जाणं-येणं दोन्ही असताना रिसीव्हची लाईट लागलेली अन् तरी लिंक बंद, असं तुम्ही लिहिलंय, तर आधी तेच बघू.

दोन्ही टोकांना एकच वेव्हलेंग्थ (उजेडाची तरंगलांबी) असली तर केबल तुटली तरी अलार्म येईलच असं नाही. कोर सपाट मोडली की तिथून साधारण ४ टक्के उजेड मागं फिरतो अन् विहिरीत हाक मारल्यावर आपलाच आवाज परत यावा तसा आपलाच सिग्नल आपल्या रिसीव्हरवर पडतो, तुट जवळ असली तर तेवढा त्याला पुरतो, त्याला वाटतं समोरचाच बोलायलाय. म्हणून तर सिंगल कोर एसएफपी (टोकाला बसवायचं, उजेड पाठवणारं अन् घेणारं मॉड्यूल) एका बाजूला १३१० अन् दुसऱ्या बाजूला १५५० नॅनोमीटरचे असतात, आतला फिल्टर स्वतःचा उजेड अडवतो. तसली जोडी असून फक्त १५५० चा उजेड समोर पोचत नसेल तर केबल बहुतेक तुटलेली नसते, कुठंतरी मुरगळलेली असते, कारण वाकल्या जागी लांब वेव्हलेंग्थ जास्त गळते.

आता जागा. दोन्हीकडचे एसएफपी काढा अन् मगच ओटीडीआर लावा, म्हणजे कोरमधे उजेड सोडून परत आलेल्या उजेडावरून तुटीचं अंतर सांगणारं मशीन. चालू कोरवर बघायचंच असलं तर ओटीडीआर १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा अन् सोबत फिल्टर. काचेत उजेडाला १ किमी जाऊन यायला १० मायक्रोसेकंद लागतात, त्याच हिशोबानं मशीन अंतर सांगतं, पण ते काचेचं अंतर आहे राव, रस्त्याचं नाही! चेंबरमधले लूप, केबलच्या आतला पीळ हे सगळं त्यात धरलेलं असतं, म्हणून ७.४ किमी दाखवलं की गाडीच्या मीटरवर ७.४ बघून खड्डा खांदू नका, जवळचा माहितीतला जॉइंट ट्रेसवर (मशीनच्या आलेखावर) ओळखा अन् तिथून मोजा, तुट अलीकडंच सापडंल.

अन् दुसऱ्या टोकावरूनही ट्रेस घ्याच. आपल्याकडं सीझनला उसाची ट्रॉली लटकती केबल ओढत नेते, तेव्हा कोर एका जागी मोडत नाही, दोन-तीन जागी मोडते, अन् एका बाजूनं फक्त पहिलीच तुट दिसते. दोन्ही अंतरांची बेरीज एकूण लांबीपेक्षा बरीच कमी आली की समजा मधी अजून काहीतरी आहे. जोडल्यावरही तसंच, एका बाजूच्या ट्रेसमधे जॉइंटला कधी लॉसऐवजी (उजेड घटण्याऐवजी) गेन (वाढल्यासारखा) दिसतो, त्यावर खूश होऊ नका, दोन्हीकडच्या आकड्यांची सरासरी काढा, खरा लॉस तोच.