कॅज्युअल्टीत लिहिताना

पुणे

प्रिय मुलीस,

तुझी कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, ड्यूटी लागली आहे. हात तिथे आपोआप चालायला लागतात. लिहिणं मात्र मुद्दाम शिकावं लागतं.

आधी घड्याळ. भिंतीवरचं, मॉनिटरचं, हृदयाला शॉक देणाऱ्या डीफिब्रिलेटरचं आणि मनगटावरचं सहसा एकमेकांशी जुळत नाही. ड्यूटीवर येताच ती ताडून बघ आणि सगळ्या नोंदी एकाच घड्याळावरून कर. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबत असताना, अ‍ॅड्रेनलिन 1 मिग्रॅ दर 3 ते 5 मिनिटांनी जातं. एक डोस भिंतीच्या घड्याळाने आणि पुढचा मनगटाच्या घड्याळाने लिहिलास, तर कागदावर मध्ये 1 मिनिट दिसेल किंवा 9, आणि तिसरा डोस कधी द्यायचा हेही चुकेल.

लिहायला एकच सिस्टर ठरवा. तिने दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. तोंडी ऑर्डर आली की औषध देणाऱ्या सिस्टरने औषध, मात्रा आणि कुठून द्यायचं ते मोठ्याने परत म्हणायचं, डॉक्टरांचा होकार आल्यावरच सिरिंजमध्ये भरायचं. वेळ लिहायची ती औषध गेल्याची, सांगितल्याची नव्हे. रिकामे अँप्यूल किडनी ट्रेमध्ये राहू देत. नोंदी 5 आणि अँप्यूल 6 निघाले तर तिथेच छडा लाव, आणि तोंडी ऑर्डरींवर डॉक्टरांची सही लगेच घे.

‘अर्धवट शुद्धीत’ असं लिहू नकोस, दोघी ते दोन तऱ्हांनी वाचतील. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे शुद्धीचे गुण E2 V2 M5 असे लिही, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांचा आकार लिही. ‘दारू प्यायलेला’ही नको, ‘तोंडाला दारूसारखा वास’ एवढंच तुला कळलेलं असतं.

अपघातांच्या नवले पुलाकडून 108 अँब्युलन्स आली की पेशंटचं नावही कधी कळत नाही. ‘अनोळखी पुरुष, अंदाजे 40’, अंगावरच्या खुणा, एमएलसी (पोलीस केसचा) नंबर, पोलिसांना कळवल्याची वेळ. अंगठी ‘पिवळ्या धातूची’, सोन्याची नव्हे. आपण सराफ नाही. ती कोणाच्या हाती दिली, त्याची सही घे, साक्षीदाराचीही.

चुकलं तर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही आणि वेळ. व्हाइटनर नको. राहिलेली नोंद ‘उशिराची नोंद’ म्हणून, घडल्याची आणि लिहिल्याची अशा दोन्ही वेळा टाकून.

आणि गर्दीत वेळ वाचवायला पुढच्या तासाचा बीपी आधीच भरून ठेवू नकोस. पेशंट मध्येच गेला, तर गेलेल्या माणसाचा 110/70 कागदावर राहतो.

तुझी,
सिस्टर इन्चार्ज