आईला घेऊन नाशिकच्या सिंहस्थाला यायचंय, पर्वणीलाच यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आई ६७ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास, सांगलीहून यायचंय, आणि त्यांचं म्हणणं असं की यायचं तर शाही स्नानालाच, नाहीतर कुंभाला गेलो म्हणायचं तरी कशाला. शिवाय नाशिक बरं की त्र्यंबक, हेही विचारलंय. मी पंचवटीतला आहे, २०१५ चा सिंहस्थ, म्हणजे इथला कुंभमेळा, पायांनी तुडवलाय, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. पर्वणीला, म्हणजे शाही स्नानाच्या दिवशी, आणू नका. सिंहस्थात जरूर आणा, पर्वणीला नको. का ते सांगतो, आणि आईंना कसं पटवायचं तेही सांगतो, कारण खरी अडचण तीच आहे.

आधी तारखा बघा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, नगरप्रदक्षिणा २९ जुलै २०२७ ला, पहिली पर्वणी २ ऑगस्ट २०२७, दुसरी ३१ ऑगस्ट, तिसरी नाशकात ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबरला, आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. शाही स्नान हा शब्द आता सरकारी कागदावर अमृत स्नान झालाय, आमच्याकडे म्हातारी माणसं आधीपासून पर्वणीच म्हणतात. आता या तीन पर्वण्या कधी आल्यात बघा. २ ऑगस्ट म्हणजे आषाढातली अमावस्या, वार सोमवार म्हणजे सोमवती, आणि त्याच दिवशी दुपारनंतर सूर्यग्रहण जे आपल्याकडे खंडग्रास आहे (नाशकातल्या ऑगस्टच्या ढगांत दिसणार काय ते देव जाणे, पण ग्रहणाच्या स्नानाला माणूस येणारच). ३१ ऑगस्ट म्हणजे पोळ्याची अमावस्या. ११ सप्टेंबर म्हणजे शनिवार, एकादशी आणि वर ऐन गणपतीत. तीनपैकी एकही दिवस असा नाही की जरा कमी गर्दी असेल म्हणावं.

आणि नाशिक म्हणजे प्रयाग नव्हे, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. प्रयागला संगमावर मैलोन्‌मैल वाळू आहे, तंबूंचं शहर वसवता येतं. इथे रामकुंड, गोदावरीतलं स्नानाचं मुख्य ठिकाण, गावाच्या मधोमध, एका बाजूला पंचवटीचे बोळ, दुसऱ्या बाजूला जुनं नाशिक, दोन्हीकडून उतार नदीकडे. २७ ऑगस्ट २००३ ला याच उतारावर, काळाराम मंदिराजवळ सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. पंचवटीत अजून तो दिवस निघाला की माणसं आवाज खाली आणतात. त्यानंतर साधूंच्या मिरवणुकीचा मार्ग बदलला, २०१५ ला बंदोबस्त कडक केला आणि ते वर्ष सुखरूप पार पडलं, पण कडक बंदोबस्त म्हणजे काय ते आमच्या मामीला विचारा.

२०१५ ची पहिली पर्वणी २९ ऑगस्टला होती, राखीपौर्णिमा. मामा राखीला माझ्या आईकडे आले, मामीही सोबत, म्हटलं दोन्ही कामं होतील. आदल्या रात्री गावात पोचायला हवं होतं पण ते निघाले पहाटे, मग शहराच्या बाहेरच गाडी अडवली, तिथून बस, बसमधून उतरून चालत, प्रत्येक चौकात बांबूचं बॅरिकेड आणि पोलीस म्हणतोय इकडून नाही तिकडून. मी त्यांना गाठायला निघालो तर मलाही माझ्याच गावात सोडेनात. शेवटी पुणे रोडच्या बाजूने आलेल्या सगळ्यांना वळवत होते तसं यांनाही दसकच्या घाटावर नेलं, नाशिकरोडच्या अलीकडे. मामी घाटावर उभी राहून विचारतेय, रामकुंड कुठंय? रामकुंड तिथून पार वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर लांब. नदी तीच, पाणी तेच, पण मामीच्या मनात रामकुंड होतं. चप्पल गेली, पाय सुजले, आणि घरी आल्यावर राखी बांधून घ्यायला मामा बसल्या बसल्या झोपले.

हे सांगायचं कारण, पर्वणीला तुम्हाला रामकुंडात डुबकी मिळेलच असं नाही. पहाटेपासून रामकुंड आखाड्यांसाठी, म्हणजे साधूंच्या संघांसाठी, राखीव असतं, ते आटोपल्यावर इतरांना सोडतात, आणि बाहेरून आलेल्या गर्दीला ज्या दिशेने आलात तिकडच्या घाटावर पाठवतात, तपोवनात, नांदूरला, दसक-पंचकला. आईंच्या डोक्यातलं चित्र नागा साधूंच्या शेजारी उभं राहून डुबकी मारायचं असेल तर ते तसंही होत नाही. बरं, भस्म लावणारे नागा साधू तर नाशकात स्नानच करत नाहीत, हेही लोकांना माहीत नसतं. इथे दोन ठिकाणं आहेत. रामकुंडावर वैष्णवांचे तीन आखाडे, निर्वाणी, निर्मोही आणि दिगंबर, आणि शैव संन्यासी, उदासीन, निर्मल असे बाकीचे दहा त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. पेशवाईत आधी कोणी स्नान करायचं यावरून दोघांत जोरदार जुंपली, मग पेशव्यांनी जागाच वेगळ्या करून दिल्या, ते आजतागायत. म्हणजे भस्म लावलेले नागा बघायचेत तर त्र्यंबक, आणि कुशावर्त केवढंसं आहे तुम्ही बघितलंच असेल, चारी बाजूंनी पायऱ्या असलेलं एक कुंड, पर्वणीच्या दिवशी तिथे सामान्य माणसाचा नंबर कधी लागणार याचा विचारच करा.

आता आईंना पटवायचं कसं. सिंहस्थाचं माहात्म्य सांगणारा जो श्लोक सगळे म्हणतात तो त्यांनाही कदाचित पाठ असेल, षष्टिवर्षसहस्राणि भागीरथ्यवगाहनम्, सकृद् गोदावरीस्नानं सिंहस्थे च बृहस्पतौ. साठ हजार वर्षं भागीरथीत स्नान केल्याचं पुण्य, गुरू सिंहेत असताना गोदावरीत एकदाच केलेल्या स्नानाने मिळतं. त्यात अट एकच आहे, गुरू सिंह राशीत हवा. अमावस्या नाही, आखाडे नाहीत, मिरवणूक नाही. पर्वणी ही साधूंची, तिला मान आहेच, पण पुण्य फक्त त्या तीन दिवसांत वाटतात असं कुठे लिहिलंय? माझ्या आजीने आयुष्यात पर्वणीला एकदाही रामकुंडावर पाय ठेवला नाही, म्हणायची आपण गंगेवरची माणसं, पाहुणे आले की आपण मागे राहायचं. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, नदीवर गेलो असं कुणी म्हणत नाही, गंगेवर गेलो म्हणतात.)

पण हाच श्लोक धरला तर यावेळी एक गोम आहे, आणि आई पंचांग बघणाऱ्या असतील तर ती त्यांनीच काढण्याआधी तुम्ही सांगा. या सिंहस्थात गुरू सरळ चालत नाहीये, तीनदा सिंहेत येतोय, म्हणून याला त्रिखंड सिंहस्थ म्हणतायत आणि म्हणूनच तो एवढा लांबलाय. ऑक्टोबर २०२६ अखेर सिंहेत आला की जानेवारीच्या शेवटी वक्री होऊन पुन्हा कर्केत जातो, जूनच्या शेवटी परत सिंहेत, २६ नोव्हेंबर २०२७ च्या सुमारास कन्येत, मग फेब्रुवारी २०२८ च्या शेवटी मागे फिरून सिंहेत आणि जुलैत कायमचा कन्येत. ध्वज मधल्या काळातही फडकत असतोच, पण श्लोकाला धरून जायचं तर फेब्रुवारी ते जून २०२७ आणि डिसेंबर २०२७ ते फेब्रुवारी २०२८ हे टाळा.

माझं ऐकाल तर दिवाळी झाल्यावर, २०२७ च्या नोव्हेंबरात आणा. कार्तिक महिना, स्नानाचाच महिना, आईंना त्यात वेगळं समजवायला लागणार नाही. पाऊस गेलेला, नदीचं गढूळ पाणी निवळलेलं, गुरू अजून सिंहेत, आखाडे गेलेले आणि बॅरिकेडं निघालेली. दिवाळीची सुट्टी संपू द्या आणि त्रिपुरी पौर्णिमा सोडा, बाकी २६ नोव्हेंबरच्या आतला कुठलाही मंगळवार-बुधवार घ्या. पहाटे साडेपाचला रामकुंडावर या, बायकांना कपडे बदलायची सोय कुठे आहे ते आधी विचारून घ्या, पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात म्हणून आईंचा हात सोडू नका आणि काठाशीच तांब्याने चार तांबे घ्यायला सांगा, तेही स्नानच आहे. नऊवारी असेल तर ओली झाल्यावर किती जड होते ते लक्षात ठेवा, गुडघ्यांना झेपत नाही, घाटावरून वर येताना लोक घसरतात ते यामुळेच.

काठावरच गंगा-गोदावरीचं मंदिर आहे ते आवर्जून दाखवा, ते एरवी बंद असतं, बारा वर्षांनी सिंहस्थातच उघडतं. समोर कपालेश्वर, जिथे महादेवापुढे नंदी नाही, पुढे काळाराम, सीतागुंफा, सगळं अगदी थोड्या अंतरात आहे, रिक्षाही मिळते. संध्याकाळी गोदाआरतीला परत या.

साधू बघायचेतच असा आग्रह असेल तर मग ऑगस्टच, पण दोन पर्वण्यांच्या मधे. १० ते १३ ऑगस्ट २०२७, मंगळवार ते शुक्रवार, किंवा १८ ते २०, बुधवार ते शुक्रवार. तपोवनातलं साधुग्राम तेव्हा भरलेलं असतं, खालसे (आखाड्यांतले साधूंचे गट), अन्नछत्रं, कीर्तनं, सगळं बसून निवांत बघता येतं, मिरवणुकीत जेवढं दिसतं त्याच्या दसपट (याच साधुग्रामासाठीच्या झाडतोडीवरून २०२५ मध्ये इथे बरंच आंदोलन झालं, माझं मन झाडांच्या बाजूने होतं, असो). सोमवार मात्र पूर्ण टाळा, श्रावणी सोमवारी त्र्यंबकला पाय ठेवायला जागा नसते, आणि तिसऱ्या सोमवारी, म्हणजे २३ ऑगस्टला, ब्रह्मगिरी डोंगराची फेरी असते. आणि ऑगस्टात नदीचं काही सांगता येत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंड बघता बघता दिसेनासं होतं, नाशिककर मीटर बघत नाहीत, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बघतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं फोनवर एकमेकांना सांगतात, २०१६ आणि २०१९ ला तर मारुती पूर्णच बुडाला होता. तेव्हा ऑगस्टचं ठरवलंत तर एक दिवस हातचा ठेवा, आल्या आल्या स्नान आणि लगेच परत असं करू नका.

त्र्यंबक की नाशिक यावर, दोन्ही करा, अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे, मुक्काम नाशकात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबक. तुमच्या आई माळकरी आहेत असं लिहिलंय तुम्ही, मग त्र्यंबकला ज्योतिर्लिंगाच्या रांगेत तीन तास जाणार असतील तर आणखी एक तास निवृत्तिनाथांच्या समाधीसाठी राखून ठेवा, लोक कुशावर्त आणि मंदिर करून निघून जातात आणि ज्ञानेश्वर माउलींचे गुरू, थोरले भाऊ तिथेच आहेत याचा पत्ता नसतो. ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वारच्या पायऱ्या आईंना सांगूच नका, हट्ट करतील.

सांगलीहून यायचं तर पुण्यावरून संगमनेर, सिन्नर करत नाशिकरोडला. पुणे-नाशिक थेट रेल्वेची वाट बघू नका, आम्ही बघून दमलो. एसटीने आलात तर आईंना अर्धं तिकीट आहेच. राहायची खोली गंगेच्या जवळ मिळाली तर उत्तम, पण ऑगस्टात पंचवटीत गाडी आणू नका, नाशिकरोडला किंवा द्वारका चौकाच्या अलीकडे कुठे ठेवून रिक्षा करा. आईंच्या पदराच्या गाठीत तुमचा आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधा, गर्दीत मोबाइल लागत नाही, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, तेही कपालेश्वराच्या पायऱ्या असं नेमकं, नुसतं घाटावर भेटू म्हणू नका.

मामीचं राहिलंच की. दसकच्या घाटावरून घरी आल्यावर ती दोन दिवस गप्प होती. सोमवारी, ३१ ऑगस्टला, पहाटे मी त्या दोघांना रामकुंडावर नेलं, पोलीस चहा पीत बसलेले, घाटावर आपापले लोक, मामीने सावकाश तीन डुबक्या मारल्या, ओटी भरली आणि गुरुजींकडे बसली. आता ती कुंभाला गेल्याची गोष्ट सांगते ती या सोमवारचीच असते, शनिवारचं नावही काढत नाही.

गुरुजींवरून आठवलं, रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांकडे गावांप्रमाणे नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमचे उपाध्याय कोण ते तिथलं कुणीही दाखवतं, दक्षिणेचं मात्र बसायच्या आधी बोलून घ्या. तुमच्या घराण्यातलं कुणी पूर्वी येऊन गेलं असेल तर त्यांच्या हातचं नाव त्यात निघतं. मामीला तिच्या सासऱ्यांची मोडीतली सही मिळाली होती, वाचता कुणालाच आली नाही, गुरुजींनी वाचून दाखवली. आईंना हे आधीच सांगून ठेवा, पर्वणीचा हट्ट सोडतील असं मला वाटतं.