उन्हाळाभर हिमालयात फिरून मुंबईत परतल्यावर आधी कुठे खायला जावं?

एप्रिलपासून तुम्ही हिमाचल-उत्तराखंडात फिरताय, जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पोचताय, परोठे, राजमा-चावल आणि पनीर आता नको झालंय, आणि पहिल्या आठवड्यात कुठेकुठे खावं याचा क्रम तुम्ही विचारलाय. पोचल्यापोचल्या पापलेट हाणायचा बेतही लिहिलाय. मी सहलींबरोबर जाणारा टूर मॅनेजर आहे. एप्रिल ते जून हाच आमचा हंगाम, त्यामुळे तुम्हाला जी भूक लागलीय ती मला दर जूनमध्ये लागते. तेव्हा अगदी मनापासून लिहितो.

थोडक्यात सांगायचं तर आधी माटुंगा, मग दादर, मग दक्षिण मुंबईतली इराणी हॉटेलं आणि ब्रिटानिया. आमरस संपला नसेल तर मध्येच एक थाळी. मासे मात्र ऑगस्टवर ढकला.

आमच्या सहलींत मराठी जेवणाची उणीव कधीच नसते. स्वयंपाकी आणि सगळा शिधा बरोबर असतो. मनालीत सकाळी पोहे, श्रीनगरात रात्री वरणभात, एखाद्या दिवशी श्रीखंड-पुरी. त्यामुळे परतल्यावर मला घरच्या जेवणाची ओढ नसते, हॉटेलच्या खाण्याची असते. तव्यावरून थेट पानात पडणारं, मागवल्यावर चार मिनिटांत समोर येणारं, बाजूच्या टेबलावरच्या माणसाने काय मागवलंय ते बघत खायचं असं. तुम्ही ढाब्यांवर जेवलाय म्हणजे तुमची तऱ्हा थोडी वेगळी. पण तुम्हालाही आता गव्हाचा आणि मलईचा कंटाळा आलेला असणार, आणि जिभेला आंबट, आंबवलेलं, नारळाचं काहीतरी हवं असणार. म्हणून माझा नेम असा की पहिल्या आठवड्यात तेच खावं जे पार्सल करून घरी आणलं तर मरतं. वाट बघायची तर ती अशा पदार्थांचीच बघावी.

या नेमाने पहिला नंबर इडली-डोशाचा लागतो. डोंगरात इडली का जमत नाही हे मी आमच्या स्वयंपाक्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलंय. थंडीत पीठ आंबतच नाही. रात्री भिजवून वाटून ठेवलेलं पीठ सकाळी जसंच्या तसं, एक बुडबुडा नाही. भट्टीजवळ ठेवा, घोंगडीत गुंडाळा, तरी अर्धवटच फुगतं. त्यातून मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर, तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे वाफही तेवढीच. इडली होते, पण बसकी आणि चिकट होते. इकडे मुंबईत जूनची दमट हवा म्हणजे पिठाला आंदणच. रात्रीत पातेल्याबाहेर येतं.

तेव्हा पहिल्या सकाळी माटुंगा. लवकर जाग येत असेल (डोंगरातून आलेल्यांना येते) तर स्टेशनजवळचं राम आश्रय. १९३९ पासूनचं हे हॉटेल पहाटे पाचला उघडतं. त्या दिवशी काय आहे ते फळ्यावर लिहिलेलं असतं, शिऱ्याचा प्रकारही तिथेच वाचायचा. अननसाचा असेल तर सोडू नका. उपमा मागवाच. घरी आपण जो करतो त्याच्याशी याचं नातं फक्त रव्यापुरतं आहे. उशिरा उठणार असाल तर किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास, १९४० पासूनचं. बाहेर नाव लिहून थांबावं लागतं, आणि आत गेल्यावर अनोळखी लोकांबरोबर एका टेबलावर बसावं लागतं. मला ते आवडतं. दोन महिने एकाच घोळक्याबरोबर काढल्यावर अनोळखी माणसाच्या समोर बसून गुपचूप रस्सम वडा खाण्यात फार शांतता असते. तिथला रागी डोसा कडेला जाळीदार आणि मधे मऊ असतो. तो आला की फोन बाजूला ठेवा, कारण त्याचं आयुष्य पाच मिनिटांचं. सोमवारी कॅफे मद्रास बंद असतं.

कॉफी शेवटी. दवरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी आणि पेल्यात येते, वर फेसाची टोपी. ती टंबलरमधून दवऱ्यात, दवऱ्यातून परत टंबलरमध्ये ओतली की साखर मिसळते आणि पिण्याजोगी निवते. घाईत सरळ तोंडाला लावणाऱ्यांची जीभ पोळते, आणि मग त्या दिवशी कशालाच चव लागत नाही.

दुपारपर्यंत माटुंग्यातच असाल तर स्टेशनसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ चं. केळीच्या पानावर जेवा. पान धुतलेलं, थोडं ओलसर समोर येतं आणि त्यावर गरम भात पडला की एक वास सुटतो, तो स्टीलच्या ताटात कधी येत नाही. मुंबईत मिळणाऱ्या जेवणांत सगळ्यात प्रामाणिक पान मी यालाच म्हणेन.

एक गोष्ट मात्र बघून निघा. जूनचा पहिला मोठा पाऊस आणि भरतीची वेळ एकत्र आली की किंग्ज सर्कल, गांधी मार्केट, हिंदमाता हा सगळा पट्टा पाण्याखाली जातो. त्या दिवशी माटुंग्याचा हट्ट धरू नका. आकाश बघा, भरतीची वेळ बघा, मग ठरवा.

दुसरा दिवस दादरला. शिवसेना भवनासमोरचं आस्वाद आपल्या मिसळीसाठी प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये लंडनच्या एका पुरस्कारात ही मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली, तेव्हापासून रांग वाढली ती वाढलीच. कोल्हापुरी झणझणीत मिसळीची सवय असेल तर ही सौम्य वाटेल. मला तिच्यासाठी तेवढा प्रवास करावासा वाटत नाही, पण थालीपिठासाठी नक्की करेन. खमंग भाजणी, मधे भोकं, वर लोण्याचा गोळा वितळायला लागलेला. गोखले रोडवरचं प्रकाश मला जास्त जवळचं. साबुदाणा वडा बाहेरून कडक, आतला साबुदाणा अख्खा दिसतो आणि तेल पानाला लागत नाही. बरोबर पियुष. श्रीखंडाचा आणि ताकाचा हा थंड, दाट, जायफळ लावलेला प्रकार उत्तरेच्या लस्सीहून फार वेगळा आहे. पण वडा आणि पियुष एकत्र घेतलंत तर दुपारचं जेवण विसरा.

यानंतर दक्षिण मुंबई. इराणी हॉटेलं झपाट्याने कमी होत चालली आहेत. जी उरली आहेत त्यांच्याकडे आपण वर्षातून एकदा आठवण काढून जाण्यापेक्षा नेहमी जायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी, १९०४ पासून. सकाळी गेलात तर बन मस्का आणि चहा, नाहीतर अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची मऊ, ओलसर अंडाबुर्जी. खिमा-पावही चांगला. मावा केक मात्र ग्रँट रोड स्टेशनजवळच्या बी. मेरवानचा असायचा, पण १९१४ पासूनची ती बेकरी आता बंद झाली. पहाडात प्रत्येक वळणावर चहा मिळतो, पण तो आल्याचा उकाळा. इराण्याचा चहा गोड, दुधाळ आणि बन बुडवण्यासाठीच केलेला. बन बुडवताना मस्क्याचे पिवळे ठिपके वर तरंगतात, ते दिसले की मुंबईत पोचलो असं वाटतं.

ब्रिटानिया वेगळ्याच इभ्रतीचं. बॅलार्ड इस्टेट, १९२३. फक्त दुपारी उघडं आणि रविवारी बंद, म्हणून सुट्टीचे शिल्लक दिवस संपायच्या आत आठवड्यातल्या मधल्या वारी जाऊन या. बेरी पुलावात ज्या लालबुंद, आंबट बेरी असतात त्या इराणहून येणाऱ्या झरेश्क. भातात केशर, तळलेला कांदा, मटण किंवा चिकन आणि दाताखाली अचानक आंबट. तुमच्या जिभेला आंबट हवंय असं मी वर म्हटलं ते इथे पुरं होईल. शेवटी कॅरामेल कस्टर्ड आणि बरोबर लाल रासबेरी सोडा. मालक बोमन कोहिनूर प्रत्येक टेबलाजवळ येऊन गप्पा मारत असत. २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी ते गेले. त्यांच्याशी बोललेल्या कोणालाही ती खुर्ची अजून रिकामी वाटते, मलाही वाटते. पण पुलाव तोच आहे.

आमरसाचं गणित वेळेचं. कोकणचा हापूस तुम्ही येईपर्यंत संपत आलेला असेल. गुजरातचा केसर मात्र जूनमध्ये थोडे दिवस टिकतो. म्हणून पोचल्यापोचल्या काळबादेवीच्या ठाकर भोजनालयात फोन करून आमरस चालू आहे का तेवढं विचारा. १९४५ पासूनची ही गुजराती थाळी. फुलके एकेक करून तुपात न्हाऊन येतात आणि वाढपी तुमच्या नाहीला फारशी किंमत देत नाहीत. आमरस संपला असेल तर थाळी पुढे ढकला आणि ताडदेवच्या स्वाती स्नॅक्समध्ये पानकी खा. तांदळाचं पातळ पीठ केळीच्या दोन पानांमध्ये पसरून भाजतात. वरचं पान सोलून काढलं की खाली पानाच्या शिरांचे ठसे उमटलेली, कागदासारखी पातळ घडी दिसते. ती गरम असतानाच उचलायची, हिरव्या चटणीत टेकवायची. दोन मिनिटं गप्पांत गेली तर ती पानाला चिकटते आणि गंमत जाते.

आता मासे. तुमची घाई मला समजते, पण जूनमध्ये मुंबईत पापलेट-सुरमईसाठी हॉटेलात जाणं म्हणजे पैसे खर्चून निराश होणं. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा तिकडच्या नौकाही किनाऱ्यालाच असतील. ताटात येईल ते बहुतेक बर्फातलं, साठवणीतलं. नाव तेच, दाम तोच किंवा जास्त, पण मांस भुसभुशीत आणि रस्सा माशापेक्षा मसाल्याच्याच जोरावर उभा. जी हॉटेलं मी मनापासून मानतो तिथेही या दोन महिन्यांत मी सुरमई मागवत नाही. बंदी नीट पाळली गेली तरच पुढच्या वर्षी पापलेट खायला मिळेल, याची आठवण गिऱ्हाइकांनीही ठेवायला हवी.

मग जूनमध्ये मालवणी हॉटेलात जायचंच नाही का? जायचं, आणि सुकं मागवायचं. पावसाळा हा सुक्या मासळीचाच हंगाम आहे. उन्हाळ्यात वर्सोवा, मढ, अर्नाळ्याच्या किनाऱ्यांवर बांबूंवर टांगून वाळवलेले बोंबील, पसरून वाळवलेला जवळा, सोललेल्या कोळंबीचे सोडे याच दिवसांसाठी असतात. दादरच्या चैतन्य किंवा सिंधुदुर्गमध्ये बसलात तर आधी वाढप्याला विचारा, सुक्यात काय आहे. बाहेर पाऊस, समोर गरम तांदळाची भाकरी, कांदा-कोकम घालून परतलेला जवळा आणि सोलकढी. उन्हाळाभर नारळ आणि कोकम न दिसलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही. सोलकढी आधी एक वाटी घ्या, चव बघा. कोकमाचा आगळ आणि ताज्या नारळाचं दूध असेल तर रंग फिकट गुलाबी आणि मागे लसणाची किंचित चव. भडक गुलाबी दिसली तर दुसरी वाटी मागवू नका.

ताज्या माशांसाठी ऑगस्ट. नौका १ ऑगस्टपासून निघू शकतात, पण कोळी समाजाची खरी सुरुवात नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ वाहून. त्या सुमारास मराठी घरांत बहुधा श्रावण चालू असतो आणि अर्धी गिऱ्हाइकं शाकाहारावर असतात. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर हाच मोका. लंच होमना, म्हणजे माशांच्या जेवणाच्या हॉटेलांना, गर्दी कमी, माल ताजा. दुपारी साडेबाराच्या आत पोचा, आज सकाळी काय आलंय ते विचारा आणि मेनू कार्ड न उघडता तेच मागवा. कोळंबी आली असेल तर कोळंबीचं कालवण आणि भात, पापलेट आलं असेल तर नुसतं रवा लावून तळलेलं. भरलेलं आणि तंदुरीतलं नंतर कधीही.