संस्थेतील किशोरवयीनांचे आत्मनियमन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बालगृहातील तेरा-चौदा वर्षांची मुले क्षुल्लक कारणावरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात. समजावूनही फरक पडत नाही. (गृहमाता, चेंबूर)

उत्तर : राग भडकलेला असताना समजावू नये. या वयात भावनांचा आवेग चटकन प्रबळ होतो; त्याला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. त्यातच, ज्यांना सांभाळणारी माणसे लहानपणी वारंवार बदलली, त्यांना कुणीतरी जवळ घेऊन शांत केल्याचा अनुभवच तुटपुंजा असतो. म्हणून त्या क्षणी बघ्यांना दूर करावे, आवाज खालचा ठेवावा आणि मोजकेच बोलावे. मूल निवळल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, ‘त्याने पुन्हा डिवचले, तर मी नळावर जाऊन तोंड धुईन’ असे नेमके काहीतरी त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे; ‘रागावू नकोस’ या उपदेशापेक्षा ते आयत्या वेळी आठवण्याची शक्यता अधिक. हे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक हवे, नाहीतर नळाकडे निघालेल्या मुलालाच ओरडा बसतो. मारण्याला 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने बंदी आहेच. शिवाय माराचा धाक मारणारा समोर असेपर्यंतच टिकतो.

प्रश्न : खाऊ दिला की मुले तो लगेच संपवतात. संयम कसा शिकवावा? (स्वयंसेवक, दादर)

उत्तर : अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दिलेला शब्द आधी पाळणाऱ्या व्यक्तीच्या भरवशावर लहान मुले, थांबल्यास दुसरी मिळेल म्हणून, हातची गोड गोळी न खाता सरासरी सुमारे 12 मिनिटे थांबली, शब्द मोडणाऱ्याच्या भरवशावर 3 मिनिटेच. खाऊ उद्यापर्यंत आपलाच राहील याची खात्री नसेल, तर तो आज संपवणे हा शहाणपणा ठरतो. मुलाला कुलूप लागणारा कप्पा द्यावा. आणि ‘पुढच्या रविवारी येतो’ असे म्हटले, तर यावे. (केक कापून, छायाचित्रे काढून दिसेनासे होणारे पाहुणे मुंबईत फार आहेत.)

प्रश्न : आमची सतरा वर्षांची मुले शिस्तीत वागतात, तरीही बाहेर त्यांचा निभाव लागेल का, ही चिंता वाटते. (अधीक्षक, बोरिवली)

उत्तर : चिंता रास्त आहे, कारण घंटेवर उठणारा मुलगा घंटा नसताना उठेलच असे नाही. बाल न्याय कायद्यात 18 ते 21 वर्षे वयोगटासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. परंतु तयारी पंधराव्या-सोळाव्या वर्षीच वैयक्तिक काळजी योजनेत (प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र केलेल्या आराखड्यात) लिहून सुरू करावी. अभ्यासाची वेळ मुलांना स्वतः ठरवू द्यावी, लोकलचा पास त्यांनीच काढावा, महिन्याचा हातखर्च त्यांच्याच हाती द्यावा. तो दहा तारखेलाच संपला, तर जेवण आणि प्रवासभाडे अबाधित ठेवून उरलेले दिवस त्यांना निभावू द्यावेत आणि महिनाअखेरीस त्यांच्यासोबत बसून हिशेब पाहावा.