रेक लागली, आता ट्रकचं काय?

प्रश्न : माझा एक दहाचाकी ट्रक आहे, कांदा भरतो. 2024 च्या दिवाळीच्या तोंडावर लासलगावहून 'कांदा एक्सप्रेस' ही कांद्याची अख्खी मालगाडी, म्हणजे रेक, दिल्लीला गेली, तेव्हापासून घरात एकच विषय. मुलगा दुसरा ट्रक घ्यायचा म्हणतो. माल रेल्वेच ओढणार असेल तर कर्ज काढावं का?
– एक ट्रकमालक, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, रेल्वेच्या मालधक्क्यावर गुड्स क्लार्क म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून आधी हिशेब मांडतो. त्या गाडीला 42 वाघिणी (मालडबे) होत्या, कांदा 1,600 टन. तुमच्या ट्रकचे 16 टन धरा. कांदाचाळीपासून धक्क्यापर्यंत 100 खेपा, आणि दिल्लीत किशनगंज स्टेशनला माल उतरल्यावर पुन्हा तेवढ्याच. रूळ कुणाच्या चाळीपर्यंत जात नाहीत.

दिल्लीची लांब भाडी मात्र कमी होतील, हे स्पष्टच सांगतो. एवढ्या पल्ल्याला, एवढ्या मालाला रेल्वे टनामागे स्वस्त पडते. नवी मुंबईतल्या वाशी बाजाराची गोष्ट वेगळी. संध्याकाळी भरलेला ट्रक पहाटे गाळ्यासमोर उभा राहतो. तिथे रेक लावली तर दोनदा चढ-उतार, दोनदा हमाली. (कोकण रेल्वेने 1999 पासून ही चढ-उतारच टाळली. रायगडमधल्या कोलाडला भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट मालगाडीवर चढतो, गोव्यात वेर्ण्याला उतरतो.)

जपायचं असतं ते धक्क्यावरचं वेळापत्रक. एका पोळ्याला निम्मेच ट्रक आले, बाकीचे दुसऱ्या दिवशी दुपारी. रेक पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. डिमरेज, म्हणजे वाघिणी वेळेपेक्षा जास्त अडवल्याचा रेल्वेचा आकार, तासातासाला चढत होतं, त्याहून वाईट म्हणजे आदल्या संध्याकाळी भरलेल्या वाघिणी रात्रभर बंद उभ्या. सकाळी दार सरकवलं तर आतून गरम, आंबूस वाफ आली. खालच्या थराच्या गोणीत हात घातला. कांदे बोटांखाली दबत होते, मनगटापर्यंत चिकट पाणी. माल ज्याचा, तो शेजारीच उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना.

म्हणून दिल्लीच्या भाड्यावर हप्ते बसवून कर्ज काढू नका. धक्क्याच्या खेपा धरत असाल तर गावातल्या पाच-सहा ट्रकमालकांनी मिळून काम उचला, म्हणजे एक गाडी बंद पडली तरी भरणी थांबणार नाही. त्याआधी रेकने माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा, या हंगामात इंडेंट, म्हणजे रेल्वेकडे रेकची मागणी, किती लावलेत. आकडा हातात आल्यावर मुलाला घेऊन बँकेत जा.