दुसऱ्यांदा जाताना

पोरी,

अकरावीत विद्यार्थी अदलाबदलीत जर्मनीत ज्यांच्या घरी राहिलीस, त्यांच्याकडून नाताळच्या सुटीत बोलावणं आलंय आणि जाऊ की नको म्हणून तुझा जीव वरखाली होतोय, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. जा. फक्त अकरावीत ज्या मनानं गेली होतीस, त्याच मनानं जाऊ नकोस. हे मी सांगू शकते, कारण आमच्याही घरी एक परदेशी पोर वर्षभर राहून गेली. तू तेव्हा लहान होतीस.

ती चार वर्षांनी परत आली. एसटीतून उतरली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि फळीवर हात घालून मिठाची बरणी शोधू लागली. बरणी तिथं नव्हती. सासूबाई गेल्यावर मी सगळी मांडणी बदलली होती. पोरीचा हात फळीवर तसाच राहिला. म्हातारी गेल्याचं तिला माहीत होतं, फोनवर रडलीही होती. पण ती घरात नाही हे तिला त्या फळीपाशी कळलं. आणि मला? हिला आमच्या मिठाची जागा आठवते, या विचारानं माझा गळा दाटून आला. पुढचे दोन दिवस मात्र ती ‘तेव्हा आपण असं करायचो’ एवढंच बोलत राहिली, ते मला टोचलं. आम्ही आज कसे जगतो हे तिनं विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर वावरात आली, कमरेला फडकं बांधून कापूस वेचायला लागली, आणि मग आमचं जमलं.

तिकडंही काहीतरी हललेलं असेल. आजोबा थकले असतील. ‘तुझी खोली तशीच आहे’ असं तिकडच्या घरच्या बाई म्हणतात, पण तिथं दुसरं सामान आलं असलं तरी मनाला लावून घेऊ नकोस. आल्या दिवसापासून कामाला हात लाव आणि त्यांचं आजचं विचार.

तिकिटाचे पैसे ते देतो म्हणतात. शिकवण्या घेऊन तू साठवलेत ते आधी घाल, कमी पडतील तेवढेच त्यांच्याकडून घे. बाबांच्या कापसाच्या पैशाला हात लावू नकोस.

कागदांचं आत्ताच बघ. मागच्या वेळी विमा, व्हिसा, अडल्यावर फोन उचलणारा माणूस, सगळं तुला पाठवणाऱ्या संस्थेचं होतं. आता तू पाहुणी म्हणून शेंगेन व्हिसावर जाशील, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या थोड्या मुदतीच्या व्हिसावर. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण डिसेंबरच्या गर्दीत त्या १५ दिवसांवर विसंबू नकोस. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. त्यांच्याकडून निमंत्रणाचं पत्र मागवून घे.

आता संत्र्यांचं. बाबा आंबिया बहाराची पेटी भरून ठेवतील, मी त्यांना ओळखते. ती नेता येणार नाही. युरोपात बाहेरून ताजी फळं न्यायची तर रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन नावाच्या एका फळाला. तूप, खवा तर नाहीच चालत. हे बाबांना शेजारी बसून समजावून सांग. नुसतं ‘नको’ म्हणालीस तर पोरीला आपल्या बागेची लाज वाटते असं त्यांच्या मनात येईल.

तिकडं २४ तारखेची संध्याकाळ मोठी, भेटवस्तू त्याच रात्री उघडतात, हे तुला माहीतच आहे. दुपारनंतर दुकानं बंद होतात आणि २५, २६ दोन्ही दिवस सुटी. काही घ्यायचं असेल तर आधीच घेऊन ठेव.

शेवटचं तुझ्या आईचं. तिनं मला सांगितलंय, म्हणून लिहिते. तू तिकडच्या बाईंना ‘ममा’ म्हणतेस ते तिला खुपतं. ती तुला कधी बोलणार नाही. ममा म्हणणं सोडू नकोस, ते खरं आहे. पण आईला त्यात घे. तिकडं चारच्या सुमाराला अंधार पडतो तेव्हा आपल्याकडे साडेआठ झालेले असतात, आई भांडी आवरून बसलेली असते. त्या वेळेला फोन लाव, आणि तुझ्याशी बोलून झालं की फोन ममाच्या हातात दे. भाषा येत नसू दे. आई तिला चूल दाखवील, कोठ्यातली ढोरं दाखवील, ती हिला नाताळचं झाड दाखवील. तू मध्ये बसून दोघींचं सांग.

आणि न्यायला जवसाची चटणी. मी करून देणार होते, पण ती आईच्याच हातची ने. जवस माझ्याकडे घरचं आहे, रविवारी येऊन घेऊन जा.

तुझी,
बाई