सुताचा भाव आणि कोकलास

अक्का, नमस्कार.

मी ५६ वर्षांचा. सोलापुरात चादरींचा छोटा कारखाना आहे, आठ माग. लग्नाला २९ वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन पुण्यात, मुलगा माझ्या हाताखाली. तीन वर्षांपूर्वी बायकोला पक्ष्यांचं वेड लागलं. दर रविवारी पहाटे उठून ग्रुपबरोबर कधी हिप्परगा, कधी होटगी, कधी नान्नजचा माळ. मी मंगळवेढ्याच्या रानात पाखरं हाकलत मोठा झालो, त्यात बघत बसायचं काय हे मला कळत नाही. तरी तिच्या हट्टापायी गेल्या डिसेंबरात नैनितालच्या बाजूला पंगोट आणि सातताल इथे सहा दिवस गेलो. थंडीनं हाल झाले. रोज अंधारात बाहेर पडायचं आणि बोलायचं नाही. एका सकाळी ती कोकलास नावाच्या पक्ष्यासाठी तासभर थांबली होती. तो रस्त्यावर आला आणि माझा फोन वाजला. सुताच्या व्यापाऱ्याचा होता, घ्यावाच लागला. पक्षी गेला. त्यावरून तिनं दोन दिवस अबोला धरला. आता जानेवारीत पुन्हा जायचं म्हणते. 'तुम्ही आलात तर आलात, नाहीतर मी ग्रुपबरोबर जाते.' गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत घरची सून बाहेर, हे आईला पटत नाही. लोकही विचारतात. खरं सांगू का अक्का, दुर्बिणीतून ती ज्या चेहऱ्यानं बघते तसं तिनं माझ्याकडे कधी बघितलेलं नाही. मी जाऊ, की तिला अडवू?

– एक कारखानदार, सोलापूर

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा 'घ्यावाच लागला' या दोन शब्दांशी अडले.

फोन वाजला, ते एक वेळ समजू शकते. बंद करायचा राहून जातो माणसाचा. पण तुम्ही तो उचललात. तिथे, त्या थंडीत, 'हां अण्णा, बोला' म्हणालात. (अण्णा हे मी घातलं. सुताचा व्यापारी म्हणजे आपल्याकडे अण्णाच असतो.) आता तुमच्या बायकोच्या बाजूनं बघा. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीनं काठगोदाम, पुढे घाटातून मोटार, आणि मग काळोखात उठून दवानं पांढऱ्या पडलेल्या गवताकडेला उभं राहणं. हे सगळं कशासाठी, तर कोंबड्याएवढ्या एका पक्ष्यासाठी. नराचं डोकं काळपट हिरवं, मानेवर पांढरा ठिपका, मागे लांब तुरा. कोकलास ऐकू येतो जास्त, दिसतो कमी. उजाडताना झाडीतून रस्त्याच्या कडेला येतो, चार दाणे टिपतो, जरा चाहूल लागली की उतारावरून खाली नाहीसा. सुताचा भाव दहा मिनिटांनी विचारला असता तरी तोच असता.

आणि एवढ्या लांब पत्रात 'मी तिची माफी मागितली' हे वाक्य मला कुठे सापडलं नाही. दोनदा वाचण्याचं तेही एक कारण. तो अबोला रागाचाच होता असं तुम्ही धरून चाललात. मला तर वाटतं, दोन दिवस ती वाट बघत होती. आता वर्ष होत आलं. 'त्या दिवशी मी फोन उचलायला नको होता' एवढंच म्हणा. पुढे 'पण' जोडू नका. थंडी, धंदा, व्यापारी, काहीच नको.

अडवण्याचा प्रश्न तर काढूच नका. २९ वर्षं घर, सासू, दोन मुलं, तुमच्या मागांच्या पाळ्यांप्रमाणे डबे, हे सगळं केलेल्या बाईला सहा दिवसांसाठी परवानगी लागते, हे तुम्हाला लिहितानाही थोडं खटकलं असणार. म्हणूनच 'लोक विचारतात' ही ओळ आली. विचारू देत. 'हिमालयात गेलीय' हे सांगायला काय कमीपणा आहे? गड्ड्याचं मात्र आईंचं म्हणणं बरोबर आहे. नंदीध्वज निघाले, अक्षता सोहळा झाला, संक्रांतीचं वाणही लुटलं, असं सगळं होऊन २० तारखेनंतर निघा. पक्ष्यांना त्यानं काही फरक पडत नाही. उंचावर बर्फ पडला की किडे, फळं, दाणे मिळेनासे होतात, म्हणून वरची पाखरं पंगोट-साततालसारख्या खालच्या जागी उतरतात, आणि जानेवारीच्या शेवटीही तिथेच असतात. हा वाद इथेच संपला असं समजा.

आता त्या चेहऱ्याबद्दल. पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे, आणि ते लिहिलंत म्हणून तुमच्याबद्दल मला आशा वाटते. पण एक गोष्ट करून बघा. मागावर धागा तुटतो, माग थांबतो, तुम्ही वाकून हजार तारांमधून तो एक शोधता, तेव्हा तुमचा चेहरा कसा असतो हे घरी कधीतरी विचारा. त्या चेहऱ्यानं तुम्ही तरी तिच्याकडे कधी बघितलंत? तिनं त्याची तक्रार कुणाला पत्र लिहून केली नाही.

माझंच सांगते. आमचे हे भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. सुरुवातीला मी हौसेनं बरोबर जायचे. मग दर अर्ध्या तासानं घड्याळ बघायला लागले, कोपऱ्यातून खुणा करायचे, निघू या का. एक दिवस त्यांनी मला विचारणंच बंद केलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते गेल्यावर मंडळातली माणसं भेटायला आली, आणि त्यांनी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या.

असो. 'मी पाखरं हाकलत मोठा झालो' असं तुम्ही तोऱ्यात लिहिलंय. भाऊ, ज्वारी हुरड्यात आली की दिवसभर माळ्यावर गोफण घेऊन बसणाऱ्या पोराइतकं पाखरू कुणी बघितलेलं नसतं. ढगासारखा थवा आला, वळला, कुठल्या पट्ट्यात बसणार, हे दगड सोडण्याआधी ओळखायचात ना? ती गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं म्हणजे भोरड्या. तुमच्या बायकोच्या ग्रुपमधली माणसं त्यांच्यासाठी पहाटे उठून जातात. मध्य आशियातून, पार पूर्व युरोपातून येतात त्या, आणि कणसं खातात तसे शेतातले नाकतोडेही खातात, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक असतं तर कदाचित दोन दगड कमी टाकले असतेत. हे माळ्यावरचे दिवस तुम्ही बायकोला कधी सांगितलेत का? माझी पैज आहे, नाही. आज रात्री जेवताना सांगा. गोफण फिरवतानाचा आवाजसुद्धा काढून दाखवा.

दुसरं, उद्या सकाळी माग सुरू होण्याआधी कारखान्याच्या आवारात पाच मिनिटं उभे राहा. थंडीच्या दिवसांत पत्र्याच्या कडेला, नाहीतर पडक्या भिंतीवर चिमणीएवढा एक पक्षी येतो. वरून काळा, पोट विटकरी. बसला की शेपटी अशी थरथरते की याला हुडहुडी भरलीय असं वाटावं. म्हणून नाव थिरथिरा. माझ्या परसात येतो त्याचं नाव शेजारच्या पोरीनं सांगितलं, तोवर मी त्याला वेडी चिमणी म्हणत होते. उन्हाळ्यात हा लडाख-तिबेटकडच्या डोंगरांत घरटं करतो. बायको दोन रात्रींचा प्रवास करून ज्या डोंगरांकडे जाते, तिकडचाच पाहुणा तुमच्या पत्र्यावर बसतोय. दिसला तर तिला फोन करा. या कामासाठी फोन चालेल.

मग जायचं की नाही? ते तुम्ही ठरवू नका. तिला विचारा, 'मी येऊ का?' ती नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. ग्रुपबरोबर कोण आहे, राहायचं कुठे, गाईड कोण, एवढं विचारून घ्या, स्टेशनवर सोडायला जा, आणि चार दिवस आईंचं पथ्यपाणी तुम्ही सांभाळा. हो म्हणाली, तर आधी दोन रविवार हिप्परग्याला जा. हौशी माणसासाठी ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते, पण स्वतःची हवी. एकच दुर्बीण दोघांत फिरली की भांडण ठरलेलं. तिथे सहाही पहाटे उठायचं बंधन घेऊ नका. 'तीन दिवस येईन, तीन दिवस झोपेन' हे निघण्याआधीच बोलून टाका, म्हणजे तिलाही तुमच्या कुडकुडण्याकडे बघावं लागणार नाही.

आणि कपडे. गेल्या वर्षी हाल का झाले हे मी न बघता सांगते, आपली सुती बनियन आणि वर एकच जाड स्वेटर. चढावर घाम आला की सूत ओलं राहतं आणि थांबल्यावर तेच अंगाला झोंबतं. धंदा सुताचा असला तरी तिथे आतून थर्मल, मध्ये लोकर, वरून वारा अडवणारं जाकीट घाला. कानटोपीला लाजू नका. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, गारठ्यानं लवकर उतरतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्या, गाईडलाही द्या.

अण्णांचा नंबर तेवढा जाण्याआधी मुलाच्या फोनवर वळवून ठेवा.

– अक्का